उजव्या हातातली कात्री

मित्रांनो, मी एक जुनी प्रत आहे. जुनी म्हणजे फाटकी नव्हे हं, तो गैरसमज आधीच दूर करते. माझा कणा ताठ आहे, शिवण पक्की आहे आणि पानांना अजून वास येतो. फक्त बाराव्या पानावर अंगठ्याचा एक डाग आहे. तो कसा पडला ते पुढे सांगेनच, कारण त्या डागाचा मला माझ्या कापडी बांधणीपेक्षा जास्त अभिमान आहे.

माझ्या शेवटच्या पानावर पेन्सिलीने लिहिलंय, ‘साठ प्रतींपैकी प्रत क्रमांक एक्केचाळीस’. म्हणजे मला एकोणसाठ बहिणी. आम्ही साठजणी एकाच खोलीत, एकाच उन्हाळ्यात जन्मलो. आमचं पोट भरलंय एका जुन्या, नावाजलेल्या गोष्टीने. तुमच्या पणजोबांनी ती वाचली असेल आणि वाचताना गुपचूप डोळे पुसले असतील. गोष्टीबरोबर लाकडाच्या ठशांवरून छापलेली बारा चित्रंही आहेत.

गोष्ट थोडक्यात सांगते, कारण पुढचं सगळं रामायण तिच्यावरूनच घडलं. एक शिंपी असतो. तो डावखुरा असतो, कात्री नेहमी डाव्या हातात धरतो. त्याची सहा वर्षांची मुलगी बाजाराच्या गर्दीत हरवते. मुलीला बापाचं नाव सांगता येत नाही, गावही सांगता येत नाही. तिला एवढंच आठवत असतं, की बाबा या हाताने कापतो. वर्षं जातात, मुलगी मोठी होते. एकदा परक्या गावात ती एका दुकानाच्या खिडकीपाशी सहज थबकते. आत एक म्हातारा डाव्या हाताने कापड कापत असतो. बस, गोष्ट तिथे वळते.

आता मला घडवणाऱ्या माणसांविषयी सांगते. ती तिघं होती. खिळे, म्हणजे छपाईची शिशाची अक्षरं, जुळवणारे दादा, ठसे कोरणाऱ्या त्यांच्या धाकट्या बहीण चिमाताई, आणि बांधणी करणाऱ्या वहिनी. वहिनी म्हणजे दादांची बायको. छापखाना एकाच लांबट खोलीत होता. एका टोकाला दादांचे खिळ्यांचे खण, मधे पायाने चालवायचं ट्रेडल मशीन, खिडकीपाशी चिमाताईंचं टेबल आणि दाराजवळ वहिनींची चटई. तीस वर्षं तिघं त्या खोलीत काम करत होती. चहा तीन वेळा व्हायचा आणि भांडण एकदा. भांडण साधारण चहापत्ती किती घालायची यावरून असायचं.

माझा कागद कापडाच्या कातरणांपासून बनवलेला. कागदवाल्याने मोजून साठ प्रतींपुरता आणि वर चारदोन ताव एवढाच दिला होता. दादा शिशाचा एकेक खिळा उचलून हातातल्या पट्टीत लावत. खिळ्यावर अक्षर उलटं असतं, म्हणून दादांना आयुष्यभर उलटं वाचायची सवय. वहिनी म्हणायच्या, “हे पेपरसुद्धा सरळ धरून वाचतात याचंच मला नवल वाटतं.”

लाकडाच्या ठशाचंही तसंच असतं बरं का. ठशावर जे डावीकडे कोरलं, ते कागदावर उजवीकडे उमटतं. चिमाताई आधी कागदावर सरळ चित्र काढत, ते आरशासमोर धरत आणि आरशात दिसेल तसं लाकडावर उतरवून घेत. मग कोरायला बसत. त्यासाठी त्यांच्या टेबलावर एक चौकोनी आरसा कायम ठेवलेला असे. दहा चित्रं अशी बिनचूक झाली.

अकरावं चित्र होतं खिडकीचं. बाहेर मुलगी, आत कात्री घेतलेला शिंपी. सगळ्या पुस्तकाचा जीव त्यात. आणि नेमका त्याच दिवशी आरसा जागेवर नव्हता. तो दादांनी नेला होता. एका लग्नाला जायचं म्हणून मागच्या नळापाशी तो टांगून मिशा कातरल्या आणि आरसा तिथेच विसरून गडी लग्नाला गेला. चिमाताईंनी टेबलाखाली पाहिलं, खणात पाहिलं. मग म्हणाल्या, “जाऊ दे. हातच्या काकणाला आरसा कशाला? तीस वर्षं हेच करतेय, डोक्यातल्या डोक्यात उलटं करीन.”

सुरुवातही तशीच केली असावी. पण आधी त्या मुलीच्या चेहऱ्याकडे वळल्या. आणि तो चेहरा असा काही साधला मित्रांनो, की त्यांचं देहभान हरपलं. कपाळाला काच टेकलेली, तोंड किंचित उघडं, अजून खात्री नाही पण आशा वाटतेय, असा चेहरा. त्या आनंदात शिंपी लाकडावर सरळच उतरला. लाकडावर कात्री डाव्या हातात, म्हणजे कागदावर कुठल्या हातात, ते तुम्हीच सांगा.

दुसऱ्या दिवशी दादा आले, ठसा हातात घेऊन बघितला. ठशावर कात्री डाव्या हातात होती. शिंपी डावखुरा, ठशावर कात्री डाव्या हातात, ठीकच आहे की. आयुष्यभर उलटं वाचणारा माणूस त्या दिवशी ठसा सुलटा वाचून गेला. छापलेला पहिला कागदही त्यांनी उजेडात धरला. शाई बघितली, दाब बघितला. हात नाही बघितला. ट्रेडल चाललं, साठ चित्रं निघाली. बारावं चित्रही झालं. मग रिवाजाप्रमाणे चिमाताईंनी प्रत्येक ठशावर आडवी रेघ खोल ओढली, म्हणजे त्यातून पुन्हा छपाई नको. दादांनी जुळवलेले खिळे सोडून परत खणांत टाकले. शेवटी दोघांनी माझ्या शेवटच्या पानावर शेजारी शेजारी सह्या केल्या. साठ पानांवर दोघांच्या साठ-साठ सह्या, आणि मधे गप्पा. मला तो दिवस फार आवडतो.

तीन दिवसांनी वहिनी फर्मे, म्हणजे छापलेले मोठे कागद, दुमडत बसल्या होत्या. वहिनींना एक खोड होती. बांधायला आलेलं काहीही त्या वाचून काढत, मग ते पावतीपुस्तक का असेना. घडी दाबायची हाडाची पट्टी हातातच राहिली आणि त्या म्हणाल्या, “अहो, हा शिंपी डावखुरा ना?”

“हो. मग?” दादा म्हणाले.

“मग कात्री कुठल्या हातात आहे?”

 दादा उठून आले. चिमाताई उठून आल्या. तिघं वाकून बघत राहिली. मी तेव्हा नुसती सुट्ट्या कागदांची चळत होते, पण लाजेने मला बांधायच्या आधीच सुटल्यासारखं झालं.

पुन्हा छापावं, तर त्या जातीचा कागद संपलेला. कागदवाला हंगाम आटोपून गावी गेलेला. गिऱ्हाइकांना तारीख दिलेली. मग चूक कुणाची, यावर घोडं अडलं. दादा म्हणाले, ठसा कोरणाऱ्याने बघायला नको? चिमाताई म्हणाल्या, आरसा कुणी नेला? दादा म्हणाले, तीस वर्षांत एक दिवस नेला. चिमाताई म्हणाल्या, तोच एक दिवस बरा सापडला. शब्दाने शब्द वाढला. त्या दिवशी चहा झालाच नाही.

दुसऱ्या दिवशी दादांनी काही न बोलता एक शुद्धिपत्र जुळवलं आणि चिठ्ठीएवढ्या कागदावर साठ प्रती काढल्या. त्यावर होतं, ‘अकराव्या चित्रात कात्री उजव्या हातात पडली आहे. ती डाव्या हातात आहे असे वाचकांनी समजावे. दोष ठसा कोरणाऱ्याचा.’

चिमाताईंनी ती चिठ्ठी वाचली. मग लाकडाचा तुकडा घेतला, आरसा समोर ठेवला आणि एकेक अक्षर उलटं, अगदी सुबक कोरून काढलं. त्याच्याही साठ प्रती. त्यावर एकच ओळ होती, ‘दोष आरसा पळवणाऱ्याचा.’

दोन्ही गठ्ठे वहिनींच्या चटईवर येऊन पडले. माझ्या बांधणीत चिकटवायचं काम त्यांचं. वहिनींनी दोन्ही वाचले. म्हणाल्या, “एक लावलं तर दुसरं लावावं लागेल. आणि दोन्ही लावली तर लोक म्हणतील, हे पुस्तक आहे का भाऊबंदकी. मी काही चिकटवणार नाही.” त्यांनी दोन्ही गठ्ठ्यांना दोरा बांधला आणि ते खणात टाकले.

“नको चिकटवूस,” दादा म्हणाले. “वाचक काय आंधळे आहेत? आठ दिवसांत पत्रं येतील. पहिलं पत्र आलं, की चूक कुणाची ते ठरेल. तोवर तुझ्या नणंदेशी मी एक शब्द बोलणार नाही.”

“वहिनी, त्यांना सांगा, मीही नाही,” चिमाताई म्हणाल्या. तीस वर्षांत त्या भावाला ‘त्यांना’ म्हणाल्या नव्हत्या.

पुढचे काही दिवस मी त्याच खोलीत होते, कारण बांधणीत माझा नंबर उशिरा लागला. काय सांगू तुम्हाला. दादा चार हातांवरून म्हणायचे, “अगं, तुझ्या नणंदेला विचार, शाईचा रूळ कुठे ठेवलाय.” चिमाताई म्हणायच्या, “वहिनी, सांगा, त्यांच्या उजव्या हाताला आहे.” वहिनी म्हणायच्या, “वन्सं, मी काय टेलिफोन आहे?” मला हसूही यायचं आणि वाईटही वाटायचं. कारण चिमाताईंच्या चहाचा कप दादाच भरून टेबलाच्या कडेला ठेवत, फक्त घ्या म्हणत नसत. आणि गंमत म्हणजे, त्या चहात पत्ती आता चिमाताईंना हवी तेवढी असायची.

म्हणून खोक्यात बंद होताना मी मनाशी एक ठरवलं. ते पहिलं पत्र माझ्याच घरून जाणार. माझा मालक मला वाचेल, अकराव्या चित्राशी अडखळेल, पेन उचलेल आणि दोघांची कट्टी सुटेल. किती सोपं काम. पुस्तकाने दुसरं करायचं तरी काय असतं, फक्त वाचलं जायचं.

माझा मालक निघाला दातांचा डॉक्टर. माणूस लाखात एक, आधीच सांगते. त्याने खोकं उघडलं तेव्हा आधी साबणाने हात धुतले, मग पांढरे हातमोजे चढवले. पेशंटला म्हणावं तसं हळूच “आ...” म्हणत त्याने मला उघडलं. कागदाचा वास घेतला. पहिलं चित्र बघितलं. अंगठ्याने कड चाचपून “वा” म्हणाला. मी श्वास रोखून धरला. आता पान उलटेल, मग पुढचं, मग पुढचं.

त्याने मला मिटलं आणि काचेच्या कपाटात ठेवून कुलूप लावलं.

मित्रांनो, त्या कपाटात मी नऊ वर्षं काढली. हाल म्हणाल तर काही नाहीत. ऊन लागत नव्हतं, ओल येऊ नये म्हणून शेजारी पांढऱ्या गोळ्यांची पुडी होती. महिन्यातून एकदा मऊ ब्रशने धूळ झटकली जाई. पाहुणे आले की डॉक्टर किल्ली काढी. ती शोभेच्या फुलदाणीत असायची आणि हे घरात सगळ्यांना माहीत होतं. मग तो म्हणे, “हातजुळणी आहे बरं का. साठच प्रती.” पाहुणे म्हणत, “अरे वा.” मग माझं पहिलं चित्र उघडलं जाई, नेहमी तेच. एक पाहुणे तर दर वेळी विचारत, “मग, वाचलंत का?” आणि डॉक्टर हसून म्हणे, “हे काय वाचायचं पुस्तक आहे?”

हे ऐकून माझ्या शिवणीत कळ यायची. मी काय भिंतीवरचं घड्याळ आहे? मी आतल्या आत ओरडायचे, अरे बाबा, अकरा नंबर बघ, तिकडे दोन माणसं एका खोलीत गप्प बसलीत. पण पुस्तकाचा आवाज उघडल्याशिवाय कुणाला ऐकू जात नाही. पालथ्या घड्यावर पाणी.

आणि मग सासूबाई आल्या.

सासूबाई म्हणजे डॉक्टरच्या बायकोची आई. चाळीस वर्षं त्यांनी स्वतःचं शिवणकामाचं दुकान चालवलं. सगळी गल्ली त्यांना टेलरमावशी म्हणायची. डोळ्याचं ऑपरेशन झालं म्हणून लेकीकडे महिनाभर राहायला आल्या होत्या. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, रोज थोडा वेळ मोठं अक्षर वाचा. घरात मोठं अक्षर कुठे आहे म्हणून त्यांनी सगळं धुंडाळलं. वर्तमानपत्र बारीक, औषधांची चिठ्ठी त्याहून बारीक. मग काचेतून मला बघितलं आणि सरळ फुलदाणीत हात घातला.

हातमोजे नाहीत, काही नाही. मांडीवर घेतलं, चष्मा चढवला, अंगठा जिभेला लावला आणि पान उलटलं. माझ्या अंगावर शहारा आला. बाराव्या पानाशी त्यांनी मधेच डोक्याला तेल लावलं आणि तोच अंगठा पानावर टेकवला. तो माझा डाग. पहिल्यांदा मी हबकले, खोटं कशाला बोलू. पण त्या वाचत होत्या हो. पुटपुटत, ओळीखाली बोट धरून, मधेच “अगं बाई, पोर हरवली की” असं म्हणत. नऊ वर्षांत पहिल्यांदा माझ्यातला शिंपी चालला, बोलला, रडला. तेल तर तेल, मी म्हटलं, हवं तर आणखी लावा.

रोज दुपारी डॉक्टर दवाखान्यात गेला की आमची बैठक बसायची. नवव्या दुपारी त्या अकराव्या चित्राशी आल्या. बराच वेळ मुलीच्या चेहऱ्याकडे बघत राहिल्या. पदराने नाक पुसलं. मग त्यांची नजर शिंप्यावर गेली आणि तिथेच थांबली. त्यांनी चार पानं मागे उलटली, वाचलं, परत पुढे आल्या. मग पिशवीतून स्वतःची कात्री काढली आणि चित्रासमोर धरली. मित्रांनो, कात्री त्यांनी डाव्या हातात धरली होती.

“चुकलंय,” त्या म्हणाल्या. हा शब्द ऐकायला मी नऊ वर्षं थांबले होते.

तेवढ्यात डॉक्टर घरी आला. मला सासूबाईंच्या मांडीवर, शेजारी चहाचा कप आणि वर उघडी कात्री बघून त्याचा चेहरा असा झाला, जणू त्याचीच दाढ काढायला घेतलीय.

“आई, अहो, हातमोजे,” तो कसाबसा म्हणाला.

“बसा जावईबापू,” सासूबाई म्हणाल्या. “मला एक सांगा. यातला शिंपी कोणत्या हाताने कापतो?”

डॉक्टरने हातातली बॅग खाली ठेवली. मग म्हणाला, “यात शिंपी आहे?”

सासूबाई हसल्या नाहीत, हे मला फार आवडलं. त्यांनी नुसतं मला त्याच्या हातात दिलं. हातमोजे घालायचं तो विसरला. त्याने आधी चहा नको म्हटला, मग जेवण नंतर म्हटलं, आणि जेवणाची ताटं मांडेपर्यंत तो चाळिसाव्या पानावर होता. दोन दिवसांत त्याने मला संपवलं. मग मिटून छातीशी धरलं आणि बायकोला म्हणाला, “नऊ वर्षं मी नुसता डबा सांभाळला गं.”

सासूबाईंनी माझ्या शेवटच्या पानावरचा पत्ता बघून पत्र लिहिलं, तेही डाव्या हाताने. पोस्टात टाकायला म्हणून निघाल्या आणि दारातून परत आल्या. म्हणाल्या, “दोन तासांचा तर रस्ता आहे. जाऊनच येते. ज्याने ती पोर काढली त्याला बघायचंय मला.” त्यांनी मला कापडी पिशवीत टाकलं, भाज्यांच्या. डॉक्टरला ते बघवलं नाही, म्हणून तोही निघाला. प्रवासभर त्याने पिशवी मांडीवर धरली होती.

दाराजवळची वहिनींची चटई मी वासावरून ओळखली. खळ, मेण लावलेला दोरा, शाई. खोली तीच होती. ट्रेडलवर मात्र फडकं टाकलेलं. दादांच्या मिशा पांढऱ्या झालेल्या. चिमाताई खिडकीशी, पाठ वळवून. मधे तेच चार हातांचं अंतर. वहिनींनी नंतर सांगितलं ते ऐका. पत्रं आली होती, पुष्कळ आली होती. कागद मुलायम आहे, बांधणी देखणी आहे, शाई काळीभोर आहे. पोस्टमन दिसला की दोघंही मान वर करायची. वहिनी पत्र मोठ्याने वाचायच्या, आणि दोघंही मान खाली घालून कामाला लागायची. हाताबद्दल एकानेही लिहिलं नव्हतं. नऊ वर्षं, साठ प्रती, आणि एकही वाचक नाही. चूक झाली याचं दुःख तेव्हाच मागे पडलं होतं, हे दुःख मोठं होतं. आणि आता तर महिनाअखेर ती खोली रिकामी करायची होती. दादा-वहिनी मुलाकडे जाणार होते, चिमाताई भाचीकडे. मग पत्र आलं असतं तरी कुणाला मिळालं असतं?

सासूबाईंनी पत्र वहिनींच्या हातात दिलं. वहिनींनी वाचायला सुरुवात केली, दोन ओळी वाचल्या आणि चटईवर बसल्या. मग उठून पत्र दादांकडे नेलं. दादांनी चष्मा पुसला. नेहमी वहिनी वाचायच्या, आज ते स्वतः वाचू लागले, मोठ्याने.

‘तुमच्या पुस्तकात शिंप्याने कात्री उजव्या हातात धरली आहे. मी स्वतः डावखुरी आहे, चाळीस वर्षं डाव्या हाताने कापलं, म्हणून सांगते. रागावू नका. गोष्ट वाचून मी रडले. चूक कुणाची ते मला माहीत नाही, पण ज्याने त्या मुलीचा चेहरा काढला त्याला कुणी काही बोलू नका. असा चेहरा काढताना कुणाचंही दुसरीकडे लक्ष राहणार नाही.’

खिडकीशी चिमाताईंची पाठ हलत होती. दादांनी पत्राची घडी घातली, उघडली, परत घातली. मग ते चार हात अंतर त्यांनी चालून संपवलं.

“चिमे,” ते म्हणाले. “आरसा मी नेला होता.”

“माहीत आहे,” चिमाताई म्हणाल्या. “आणि मिशा वाकड्याच कातरल्या होत्यास.” मग डोळे पुसून म्हणाल्या, “मी नळापाशी बघायला हवं होतं, दादा. दहा पावलांवर तर होता.”

“आणि मी ठसा नीट बघायला हवा होता,” दादा म्हणाले.

वहिनी दोघांकडे बघत होत्या. म्हणाल्या, “सुटले बाई मी. आता चहा कुणीतरी दुसऱ्याने टाका.” चहा डॉक्टरने टाकला. पत्ती जास्त पडली, पण कुणी बोललं नाही.

खोली रिकामी करायला अजून बारा दिवस होते. चौथ्या दिवशी ट्रेडलवरचं फडकं निघालं. चिमाताईंनी एक छोटा ठसा कोरायला घेतला, नुसता हात आणि कात्री. दादा समोर आरसा धरून उभे राहिले, दोन्ही हातांनी, हलवायचा नाही म्हणून श्वाससुद्धा जपून घेत. मग ठशाखाली दादांनी चार ओळी जुळवल्या. मला न्यायला आलेला डॉक्टर म्हणाला, अशी पुस्तकं जमवणाऱ्यांचे पत्ते माझ्याकडे आहेत, साठही जणांना पाठवून टाका. “नाही,” वहिनी म्हणाल्या. “जो वाचेल आणि कळवेल, त्यालाच.” आणि खणातल्या जुन्या दोन गठ्ठ्यांचं काय, तर त्यांनी दोन्हीतली एकेक चिठ्ठी ठेवून बाकीच्या चुलीत घालून त्यांवर चहाचं पातेलं चढवलं.

ती नवी चिठ्ठी माझ्या अकराव्या चित्रासमोर चिकटवली आहे. तिच्यावर डाव्या हातातली कात्री आहे आणि खाली छापलंय, ‘चित्रातली कात्री उजव्या हातात आहे. हे तुमच्या लक्षात आलं, म्हणजे तुम्ही हे पुस्तक वाचलंत. आम्ही तुमचे आभारी आहोत.’ त्याखाली दोघांच्या सह्या आहेत, शेजारी शेजारी. आणि पत्ता आहे वहिनींच्या नव्या घराचा.

आता माझं बरं चाललंय. कपाटाचं कुलूप गेलं. डॉक्टरच्या दवाखान्यात मी टेबलावर असते आणि दाढ दुखणारी माणसं मला वाचतात. दुखणं विसरतात असं डॉक्टर म्हणतो, मी एवढी बढाई मारत नाही. डॉक्टर मधून मधून माझ्या बहिणींच्या मालकांना फोन करतो आणि विचारतो, “तुमचा शिंपी कोणत्या हाताचा?” मग पलीकडून कपाट उघडल्याचा आवाज येतो. सासूबाईंचं धरून आतापर्यंत सहा पत्रं गेली. चोपन्न चिठ्ठ्या अजून वहिनींकडे शिल्लक आहेत. चिमाताई आणि दादा दर रविवारी तिथेच भेटतात आणि पोस्टाने काय आलं ते बघतात, मग चहापत्तीवरून भांडतात.

मित्रांनो, पुस्तकांची काळजी घ्या असं तुम्हाला शाळेत सांगतात. खरं आहे ते. पानं दुमडू नका, भिजवू नका, हात धुतलेले असले तर उत्तमच. पण नुसतं जपून ठेवू नका हो. आम्हाला उघडा, शेवटपर्यंत वाचा, एखादा डाग पडला तर पडू द्या. आणि वाचताना कुठे काही चुकलेलं दिसलं, तर आळस न करता दोन ओळींचं पत्र टाका. कुठेतरी एका खोलीत दोन माणसं ते यायची वाट बघत असतील.